काहीच न करणारा डबा

ढगोबा हे काही साहेबांचं खरं नाव नव्हे. ते धाकटीनं ठेवलं आणि आठ दिवसांत ऑफिसभर झालं, कारण ते त्यांना मापानं शिवल्यासारखं बसत होतं. साहेब बोलायला उभे राहिले की तिसऱ्या वाक्यात क्लाउड यायचाच. सुट्टीचे अर्ज कुठे ठेवलेत? क्लाउडवर. मागच्या वर्षीची पत्रं? क्लाउडवर. एकदा कुणीतरी सहज विचारलं, माझा चहाचा कप पाहिला का कुणी, तर खोलीतल्या सगळ्यांनी एकदम माना वर करून छताकडे पाहिलं. साहेबही हसले. कशाला हसायचं ते मात्र त्यांना कळलं नव्हतं.

आणि अशा माणसाच्या पदरी काम कुठलं पडलं, तर जिथे ढग पोचतच नाही तिथलं.

धाकटी त्यांच्या हाताखाली होती. वय बेचाळीस, कानामागे चांदीच्या चार तारा, चष्मा कधी डोळ्यांवर तर कधी डोक्यावर. तरी घरी ती अजून धाकटीच, आणि थोरल्या बहिणीच्या तोंडी तर चिमणी. ती करते काय, हे घरात कुणाला धड सांगता येत नसे. आई शेजारणींना सांगायची, "थोरली रक्त सांभाळते. धाकटी डबे भरते." थोरलीचं सांगताना आईचा आवाज जिना चढायचा, धाकटीचं सांगताना हळूच उतरायचा.

डबे भरते हे तसं खोटंही नव्हतं. एखादा प्रोग्राम चालायचा तर त्याला सतरा गोष्टी लागतात. ही फाइल, ते साधन, आणि तेही अमक्याच वर्षाचं. या मशीनवर सापडतात, त्या मशीनवर सापडत नाहीत. म्हणून प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र घालून घट्ट झाकण लावायचं. त्याला कंटेनर म्हणतात. धाकटी डबा म्हणायची. डबा कुठेही न्या, कुठेही उघडा, भरलं तेच निघतं. जिथे इंटरनेट आहे तिथे हे काम हसतखेळत होतं. एखादा डबा कमी पडला तर मशीन आपण होऊन बाहेरून मागवतं आणि कमी पडला होता हे कुणाला कळतही नाही. जिथे इंटरनेट नाही तिथे एकेक डबा आठवणीनं बरोबर न्यावा लागतो. राहिला तो राहिला. तिथे वाटीभर साखर मागायला शेजारचं दार नसतं. बोटी, खाणी, बंदिस्त प्रयोगशाळा, जिथे जिथे बाहेरची तार जात नाही तिथलं गाठोडं वर्षानुवर्षं धाकटीच बांधत आली होती.

या खेपेचं गाठोडं थोरलीच्या रक्तपेढीसाठी होतं.

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला थोरलीची रक्तपेढी होती. सव्वीस वर्षं ती तिथे होती आणि त्यातली अकरा प्रमुख म्हणून. सात वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर कुणीतरी ईमेलला जोडलेली एक फाइल उघडली आणि रुग्णालयातली सगळी मशीनं अकरा दिवस दातखीळ बसल्यासारखी बंद पडली. त्या दिवसांत पेढी वहीवर चालवली ती थोरलीनं. बाराव्या दिवशी तिनं भिंतीतली बाहेरची तार स्वतःच्या हातानं उपटली, मग परवानगीचा अर्ज लिहिला. तेव्हापासून पेढीत बाहेरचं काही येत नव्हतं आणि आतलं बाहेर जात नव्हतं. फोन दाराशी लाकडी कपाटात. डिस्क आली तर तीन दिवस तपासणीच्या खोलीत. आणि आत आलेली डिस्क असो, कागद असो, पुन्हा बाहेर जाणार नाही.

पण पेढीचं जुनं सॉफ्टवेअर आता थकलं होतं. त्याचं घड्याळ दर आठवड्याला चार मिनिटं मागं राही, आणि रक्ताच्या पिशवीवर चिकटवायची लेबलं इतकी फिकी छापी की वाचायला दिव्याखाली धरावी लागत. नवं हवं यावर सगळ्यांचं एकमत होतं. मुख्य डॉक्टरांना मात्र नवं म्हणजे तार पुन्हा जोडून, बाहेरून चालणारं हवं होतं. थोरली म्हणाली, तार नको, तारेशिवायही चालवता येतं. भरल्या बैठकीत डॉक्टरांनी विचारलं, कोण म्हणतं? आणि जन्मभर धाकटीच्या कामाला नाक मुरडणारी थोरली सगळ्यांदेखत म्हणाली, माझी बहीण म्हणते.

मग डॉक्टरांनी कागदावरच ठरवून टाकलं. रविवारी अकरा ते चार पेढी वहीवर चालेल, तेवढ्यात नवं बसवा. चारला चालू नसलं तर जुनं पुन्हा लागेल, तार येईल, आणि पेढीचा ताबा, ज्याची तारेला हरकत नव्हती त्या उपप्रमुखाकडे जाईल. थोरलीनं त्याखाली सही केली आणि संध्याकाळी फोनवर बहिणीला एवढंच सांगितलं, "चिमणे, माझी खुर्ची तुझ्या डब्यांवर ठेवलीय. हलू देऊ नकोस."

धाकटीनं यादी केली. एकेचाळीस डबे, चार रकाने: नाव, वजन, आला कुठून, काम काय. शेवटच्या डब्यापुढे, कामाच्या रकान्यात, तिनं खरं होतं ते लिहिलं: काही नाही. जागा धरतो.

तो डबा खरंच काही करत नसे. बाकीचे उघडायच्या आधी तो जाऊन जागा धरून बसे. मग त्याच्या आडोशाला बाकीचे येत, राबत, पडत, पुन्हा उठत. हा आपला जागचा हलत नसे. मोबाइलमधल्या एका फोटोच्या जागेत असे चार मावतील एवढंच त्याचं वजन.

यादी ढगोबांपुढे गेली. त्यांना यादी वाचण्यापेक्षा कापण्यात गोडी होती. लाल पेन त्यासाठीच खिशात असे. चाळीस ओळींवरून त्यांची नजर बर्फावरून घसरल्यासारखी घसरली आणि शेवटच्या ओळीवर अडली. त्यांना वाचता आली अशी ती एकच ओळ होती.

"मॅडम," ते म्हणाले, "जो काहीच करत नाही त्याला आपण गाडीत जागा द्यायची?"

खोली हसली. त्या खोलीत काहीच न करणारे निदान सहा जण बसले होते, ते सगळ्यात मोठ्यानं हसले. धाकटीनं सांगितलं की साहेब, तो लागतो, त्याच्याशिवाय बाकीचे उठत नाहीत. ढगोबांनी लाल रेघ मारली, रेघेवर झोकदार सही केली, आणि खात्री पटवायची म्हणून सगळ्यांसमोर आपला लॅपटॉप उघडला. जादूगारानं टोपीतून कबुतर काढावं तशी त्यांनी इंटरनेटची तार ओढून काढली, दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली आणि बटण दाबलं. सॉफ्टवेअर चालू झालं. टाळ्या पडल्या.

धाकटीला तिथंच कळायला हवं होतं. त्या लॅपटॉपवर ढगोबा सहा महिने हेच सॉफ्टवेअर इंटरनेटवर चालवत होते. एकेचाळीसच्या एकेचाळीस डबे त्याच्या पोटात केव्हाचे जाऊन बसले होते. भरल्या पोटी उपासाचं कौतुक सांगण्यातला तो प्रकार. पण टाळ्यांच्या आवाजात माणूस स्वतःवरच शंका घेतो. तिला वाटलं, असेलही. नव्या आवृत्तीत तो आतच घातला असेल. तरी तिनं दोन दिवसांसाठी एक कोरं मशीन मागितलं. कोऱ्या मशीनवर तालीम केल्याशिवाय तिनं आजवर गाठोडं बाहेर पडू दिलं नव्हतं. ऑफिसात कोरं मशीन एकच, आणि ते दर्शनी दालनात पाहुण्यांना कंपनीचं चिन्ह गोल गोल फिरताना दाखवायला लावलेलं. ढगोबा म्हणाले, ते काढलं तर दालन ओकंओकं दिसेल.

ती गप्प बसली. तिची चूक झाली ती इथं. गाठोड्याला सील लागलं, यादी लाल रेघेसकट वर चिकटली आणि डिस्क तपासणीच्या खोलीत जाऊन पडली.

रविवारी अकराला दोघं पेढीच्या दाराशी आले. फोन कपाटात गेले. फोनाशिवाय ढगोबांची अवस्था बघण्यासारखी झाली. उजवा हात दर मिनिटाला खिशाकडे जाई, खिसा चाचपी, आणि ओशाळून परत येई. दाराशी पेनही ठेवून घेतलं, तेव्हा आत सही करायला त्यांना टेबलाला दोरीनं बांधलेलं पेन वापरावं लागलं. दोरी आखूड होती. कंपनीचा एवढा मोठा माणूस वहीवर वाकून, गोठ्यातल्या वासरागत, दोरीच्या अंतरात सही करताना थोरलीनं पाहिला आणि तोंड फिरवून घेतलं.

थोरली उंच, पांढऱ्या कोटात ताठ. दोन तंत्रज्ञ मुलींना घेऊन ती पलीकडच्या खोलीत वही चालवत होती. काचेतून इकडचं सगळं दिसत होतं. बहिणीला ती एवढंच म्हणाली, खाल्लंयस का. हो म्हटल्यावर, मग लाग कामाला.

सर्व्हरची खोली चिंचोळी, थंड. तीन सर्व्हर कपाटात एकावर एक, पंख्यांचा एकसुरी घोंघाट, बसायला पाय डुगडुगणारं एक स्टूल. ते ढगोबांनी घेतलं. धाकटी उभ्यानंच डबे उतरवू लागली आणि सवयीनं गुणगुणू लागली. वडिलांच्या बदलीच्या नोकरीपायी लहानपणी दर दोन वर्षांनी घर हलायचं. आई स्वयंपाकघरातले डबे ट्रंकेत रचायची, पीठ, मीठ, साखर, आणि दोघी पोरींकडून गाण्यात मोजून घ्यायची म्हणजे चुकणार नाहीत:

एक डबा मोजियला, दुसरा हाताशी आला,
तिसऱ्याच्या पाठीमागं चौथा दडूनी बसला...

गाणं डब्यांच्या संख्येइतकं लांबायचं. आई ते कुठून शिकली कुणास ठाऊक. बहुधा कुठूनच नाही. धाकटीनं ते खाणीत म्हटलं होतं, बोटीवर म्हटलं होतं. इथंही चाळीस डबे तीन सर्व्हरांवर चढेपर्यंत ती तेच घोळवत होती. एक वाजून गेला. चाळिसावा चढला आणि तोंड आपोआप शेवटच्या जोडओळीकडे वळलं:

भरल्या डब्यांच्या रांगी एक मोकळा राहू दे,
खडबड्या वाटेवरी साऱ्यांना तो धरू दे.

कारण आई ट्रंकेच्या कोपऱ्यात शेवटी एक रिकामा डबा ठोकून बसवायची. त्यात काही नसे. पण तो नसला तर गाडीच्या धक्क्यांनी भरलेले डबे एकमेकांवर आदळून मिठात साखर व्हायची.

धाकटीचं गाणं ओठातच थांबलं.

तिनं बटण दाबलं. चाळीस डबे रांगेत उभे राहिले आणि एकही उघडेना. पडद्यावर एकच ओळ वरून खाली झरत राहिली: जागेचा डबा सापडत नाही, बाहेरून आणतो. बाहेर कुणी नाही. पुन्हा बघतो. सापडत नाही, बाहेरून आणतो. आंधळ्यानं बंद दाराची कडी चाचपत राहावं तसं ते मशीन चाचपत राहिलं.

ढगोबा म्हणाले, बंद करून चालू करा. केलं. पुन्हा तीच ओळ. ते म्हणाले, तिन्ही एकदम बंद करून चालू करा. तेही केलं; त्यात पाऊण तास गेला. मशीनं उठून पुन्हा तीच ओळ म्हणू लागली. धाकटी शांतपणे म्हणाली की साहेब, तुम्ही कापलेला डबा तो हाच. ढगोबांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले की पण मॅडम, तुम्ही हे जोर देऊन सांगायला हवं होतं. मग स्टुलावरून उठून ते काचेपाशी गेले आणि थोरलीला अगदी मऊ आवाजात विचारू लागले, दोनच मिनिटं तार जोडता येईल का, कुणाला कळणारही नाही.

थोरली हातातली पिशवी नीट ट्रेमध्ये ठेवून आली.

"तार जोडायची असती," ती म्हणाली, "तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

अडीच वाजले होते. बाहेरून आणायचा तर नवी डिस्क, तीन दिवसांची तपासणी. म्हणजे बाहेरून येणार नाही. जे आत आहे त्यातूनच करायचं. धाकटी कपाटाला पाठ टेकून उभी राहिली, चष्मा डोळ्यांवरून डोक्यावर ढकलला, आणि चाळीस डबे एकेक करून मनात उघडून पाहू लागली. सव्विसावा अगदी हलका होता. त्यात नुसती हत्यारं: चार साध्या आज्ञा, इकडच्या नोंदी तिकडे न्यायला. तिनं त्याची एक प्रत काढली. आतलं काम पुसलं. त्याजागी एकच आज्ञा लिहिली: निजून राहा, कुणी उठवेपर्यंत. झाकण लावलं. काहीच न करणारा डबा करायला तिला पस्तीस मिनिटं लागली. कुणाकडून तरी काहीच न करवून घेणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही.

आता त्याला नाव. ढगोबा मागून वाकून पाहत होते. ते म्हणाले, त्यात काय, हरवलेल्याचंच नाव द्या, मशीन त्याच नावानं हाका मारतंय, फसेल आणि उघडेल. वर्षभरात त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट अशी की जी चालण्यासारखी होती. धाकटीच्या मनात कुठेतरी काटा टोचला. पण सव्वातीन झाले होते. तिनं तेच नाव दिलं.

मशीन फसलं. पहिला डबा उघडला, दुसरा उघडला, मग एकामागून एक सगळेच, जत्थ्यानं. तीन पस्तीसला अडतीस डबे चालत होते. ढगोबांनी उजवा हात आनंदानं खिशाकडे नेला, फोटो काढायला, आणि रिकामा परत आणला.

काचेतून हिरव्या ओळी पाहून थोरली आली. "सापडला?"

"सापडला नाही, ताई. केला." आणि धाकटीनं तिला केलं ते सगळं सांगितलं. सव्विसाव्याची प्रत, पुसलेलं काम, नवी आज्ञा. सांगताना तिच्या आवाजानं जिना चढायला घेतला होता, आईच्या आवाजासारखा.

थोरलीनं मधे एकदाच विचारलं, "आणि नाव कुणाचं दिलंस?"

"त्या हरवलेल्याचं."

थोरलीनं पडद्यावरचं ते नाव वाचलं. मग ती म्हणाली, "म्हणजे आत एक, आणि वर लेबल दुसऱ्याचं."

ढगोबा घाईनं म्हणाले की टेक्निकली काहीच फरक पडत नाही. थोरलीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरला उत्तर देतं का कुणी?

"चिमणे, हे उतरव."

"ताई, चारला पंचवीस मिनिटं आहेत. खुर्ची तुझी आहे."

"माझी आहे म्हणूनच सांगते."

थोरलीचा तो आवाज धाकटीला माहीत होता. नऊ वर्षांपूर्वी पेढीतला एक चांगला, हुशार तंत्रज्ञ तिनं एका दिवसात घरी पाठवला होता. पिशवीवरचं लेबल फाटलं म्हणून त्यानं दुसऱ्या पिशवीचं जादा लेबल वर चिकटवलं आणि आकडा पेनानं दुरुस्त केला. रक्त बरोबर होतं. रोग्याला काहीही झालं नाही. घरी जेवताना सगळे थोरलीला म्हणाले होते, एवढ्याशा कागदासाठी? धाकटीही म्हणाली होती. थोरलीनं तेव्हा मान वर न करता सांगितलं होतं की आज बरोबर होतं. पण उद्या माझ्या हाताखालची मुलगी लेबल वाचेल की त्याच्या मनातलं वाचेल?

आणि आता पडद्याकडे पाहताना धाकटीला मघाचा काटा कुठे टोचला होता ते नीट समजलं. तीन वर्षांनी कुणीतरी, बहुधा तिच्यासारखंच कुणीतरी, या खोलीत येईल. नाव वाचेल, तो नेहमीचा डबा समजेल, त्याच्या भरवशावर वरचं सगळं बदलेल. आणि त्यात निघेल सव्विसाव्याची अर्धी पुसलेली प्रत.

तिनं सगळं उतरवलं. अडतीस हिरव्या ओळी एकेक करत विझल्या. ढगोबा स्टुलावर बसले तसं स्टूल डुगडुगलं आणि ते भिंतीला धरून राहिले.

आता रस्ता लांबचा होता. डब्याला त्याचं स्वतःचं खरं नाव द्यायचं, आणि तिन्ही सर्व्हरांना एकेक करून शिकवायचं की बाबांनो, त्या नावानं हाक मारू नका, या नावानं मारा. प्रत्येकाला झोपवून पुन्हा उठवायचं. प्रत्येकी दहा मिनिटं तरी. कुठल्याही बाजूनं मोजलं तरी ते चारच्या पलीकडे जात होतं. थोरलीला तिनं तसं सांगितलं. थोरली म्हणाली, जाऊ दे, आणि परत आपल्या वहीकडे गेली.

चारला मुख्य डॉक्टर आले. हा माणूस शस्त्रक्रियेला वेळेवर येत नाही अशी ख्याती. आज घड्याळातल्या कोकिळेसारखा ठोक्याला बाहेर आला. मागं उपप्रमुख, हातात स्वतःचा चहाचा कप. भाड्याचं घर पाहायला आलेल्यासारखी त्याची नजर थोरलीच्या टेबलावरून, खिडकीवरून, पुन्हा टेबलावर फिरली. टेबल कुठल्या भिंतीला सरकवायचं ते त्याचं बहुधा ठरलंही.

"चार वाजले, बाई," डॉक्टर म्हणाले.

"वाजले. तीन पस्तीसला चालू झालं होतं. मी बंद करायला लावलं."

"तुम्ही?"

"लेबल खोटं होतं. आता खरं लावतायत. थोडा वेळ लागेल."

डॉक्टर म्हणाले की चार म्हणजे चार, कागदावर तसंच आहे, आणि कागदावर सही कुणाची आहे हेही तिनं पाहावं. थोरलीनं वाद घातला नाही. तिनं पेढीची मोठी वही उघडली, कोरं पान काढलं, त्यांच्यापुढे सरकवलं आणि दोरीचं पेन वर ठेवलं.

"लिहा मग," ती म्हणाली. "ताबा कुणाकडे, किती वाजता, आणि का. का, तिथे लिहा की खोटं लेबल चालवायला नकार दिला म्हणून. खाली सही."

या वहीची दरवर्षी बाहेरून माणसं येऊन तपासणी करत आणि ती पानं मोजत. डॉक्टरांनी पेन उचललं. आयुष्यभर त्यांनी कारणं सांगितली होती, लिहिलेलं एकही कुणाला आठवत नव्हतं. पेन थोडा वेळ कागदावर तरंगत राहिलं. मग दोरी आखूड आहे असं काहीतरी पुटपुटून त्यांनी ते खाली ठेवलं, मनगटावरच्या घड्याळाकडे सगळा दोष त्याचाच असल्यासारखं पाहिलं, आणि म्हणाले, पंधरा मिनिटं देतो. ही कल्पना आपल्यालाच सुचल्यासारखं म्हणाले. उपप्रमुखाचा चहा निवत होता. तो त्यानं प्यायला, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

आतल्या खोलीत धाकटीच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. तिसरा सर्व्हर उठला. तिनं बटण दाबलं आणि या वेळी गाणं म्हटलं नाही, नुसतं पाहत राहिली. नवा डबा आधी गेला, आपल्या नावानं, आणि जागा धरून बसला. मग त्याच्या मागून बाकीचे. चार बाराला चाळीसच्या चाळीस चालत होते, आणि त्यांच्यामध्ये एकेचाळिसावा काहीच करत नव्हता.

थोरलीनं शीतपेटीतून खरी पिशवी आणली. क्रमांक वाचला, मशीनला दिला, वहीशी ताडला. छपाईयंत्र कुरकुरलं आणि लेबल बाहेर आलं, काळंभोर, हातभरावरून वाचता येईल असं. तिनं ते दिव्याखाली धरलं नाही. दोन्ही मुलींनी मात्र येऊन एकेकदा हात लावून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, मी म्हटलंच होतं होईल, आणि गेले. उपप्रमुख रिकामा कप घेऊन त्यांच्या मागं गेला.

मग नोंद लिहायची राहिली. ढगोबांचा घसा एव्हाना मोकळा झाला होता. त्यांनी सुचवलं की नोंदीत 'किरकोळ सुधारणा' एवढंच लिहावं, सविस्तर ते आपल्या अहवालात मांडतील. आणि मांडताना हा उपाय नेमका कुणाच्या मार्गदर्शनाखाली निघाला तेही येईल. बोलता बोलता त्यांनी डिस्कवरची यादी, लाल रेघ आणि झोकदार सही असलेली, हलकेच सोडवली, घडी घातली आणि खिशाकडे नेली. दिवसभर रिकामा परतलेला तो हात या वेळी तरी भरून जाणार होता.

"ती ठेवा," थोरली म्हणाली. "आत आलेला कागद बाहेर जात नाही."

तिनं यादी उलगडली, तळहातानं घड्या सपाट केल्या आणि वहीत चिकटवली, लाल रेघ वर येईल अशी. आता दर वर्षी तपासणीची माणसं येतील, पानं मोजतील, आणि दर वर्षी ती सही वाचतील. ढगोबा दाराशी गेले. कपाटातून फोन मिळाल्याबरोबर तो हातभर उंच धरून, ढग शोधत, बोळातून चालू लागले.

थोरलीनं रकाने आखले. एक डबा कमी आला. इथेच दुसरा केला. कशापासून केला, कुणी केला, किती वाजता. धाकटी स्टुलावर बसली होती. दिवसभरात तिला ते पहिल्यांदा मिळालं होतं.

"नाव काय लिहू त्याचं?"

"मोकळा डबा," धाकटी म्हणाली. "आतही तेच दिलंय."

थोरलीचं पेन थांबलं. मग तिनं ते नाव लिहिलं, सावकाश, सुवाच्य अक्षरात, पिशवीवर लिहावं तसं. पुढे कामाच्या रकान्यात लिहिलं: जागा धरतो. 'काही नाही' तिनं लिहिलं नाही.

"चिमणे, घरी गेल्यावर तू गप्प बस," वही मिटताना ती म्हणाली. "आईला मी सांगते."